सत्तावीसचं ॲव्हरेज

आमच्या घरी मिक्सर यायला आठ महिने लागले होते. त्यावरूनच मी गाडीचा अंदाज बांधायला हवा होता.

माधवराव, म्हणजे आमचे हे, चाकणच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण कॉस्टिंग काही सुटलं नाही. गाडी घ्यायचं ठरून दोन वर्षं झाली. छोटी पेट्रोल घ्यावी की हायब्रिड, एवढाच काय तो प्रश्न. छोटी घेताना स्वस्त, पण पेट्रोल जास्त पिते. हायब्रिड पेट्रोल कमी पिते, पण घेतानाच कंबर मोडते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, दोन दसरे गेले. छोट्या गाड्यांवरचा कर कमी झाला तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची. तर हे म्हणाले, "आता सगळं गणित पहिल्यापासून मांडायला हवं."

भेटेल त्याला ॲव्हरेज विचारायचं. कार्ल्याच्या भिकाजीमामांच्या दहाव्याला आम्ही नदीवर उभे होतो. कावळा पिंडाला शिवेना. मामांची कुठली इच्छा राहिली असेल म्हणून एकेक जण हात जोडून काहीबाही कबूल करत होता, आणि आमचे हे मामांच्या थोरल्याच्या कानाशी लागले, "तुमची ती हायब्रिड घाटात किती देते हो?" त्या बिचाऱ्यानं डोळे पुसत सांगितलं, "एकोणीस." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हसण्यावारी नेलं असतं, पण या खेपेला माझं काही अडलं होतं.

मी पवनानगरच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. बावीस वर्षं झाली. तळेगावहून लोकलनं कामशेत आणि तिथून वडापची जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळची शेवटची चुकली तर कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून यायचं. यंदा आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि सेवाज्येष्ठतेनं माझं नाव आलं. संस्थेनं सोमवारपर्यंत लेखी होकार किंवा नकार मागितला. मुख्याध्यापकानं सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांच्या नंतर निघायचं. वडापच्या भरवशावर ते होत नाही, हे शाळेतला शिपाईसुद्धा सांगेल. ज्येष्ठतेत माझ्यामागचे आदिनाथ सर रोज मधल्या सुट्टीत काळजीनं विचारत, "मॅडम, गाडीचं काही जमतंय का?" त्यांना कसली काळजी होती ते मला कळत होतं.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे कशाला? ती शाळा मी कौलं गळत होती तेव्हापासून पाहिली आहे. ती कशी चालवायची ते मला माहीत आहे आणि मला ती चालवायची होती.

पवनानगरच्या जीप स्टँडवर बयाबाईंचं चहाचं दुकान आहे. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, आमची वरची खोली रिकामी हाय. पोरगं पिंपरीला ऱ्हातं. तुमी ऱ्हावा की हितंच."

"आणि घरचं कोण बघणार?" मी म्हटलं.

"का? मालकांना काय हात न्हाईत व्हय?"

मी हसून चहा संपवला होता.

सोमवार तोंडावर आला तेव्हा मी हट्ट धरला, की रविवारी काय ते ठरवायचंच. हे शोरूममध्ये गेले आणि हायब्रिड पवनानगरपर्यंत नेऊन बघायची परवानगी मिळवून आले. आमची ही पाचवी चक्कर असल्यामुळे साहेबानं कंटाळून हो म्हटलं असावं. सोबत अपेक्षा नावाची तिथली मुलगी आली. वडिवळ्याची, बोलायला चटपटीत.

"सर, रोज गाडी कोण चालवणार?" तिनं निघतानाच विचारलं.

"ही."

"मग मॅडमनी चालवून बघायला हवी ना?"

"आधी ॲव्हरेज बघू. हिनं चालवली तर पडेल."

लायसन्स काढून मला सहा वर्षं झाली आहेत. भावाच्या गाडीवर माझा हात चांगला बसला आहे. पण मी गप्प मागे बसले. ऑक्टोबरचं ऊन कडकडीत होतं. ह्यांनी एसी बंद केला, कारण एसीनं ॲव्हरेज पडतं. मी काच खाली केली, तर ती वर घ्यायला लावली, कारण वाऱ्यानंही पडतं. कामशेतची खिंड ओलांडेपर्यंत आम्ही तिघंही घामानं निथळत होतो. कामशेत सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलं होतं, पण काचांतून वासही आत येत नव्हता. गाडी चाळीसच्या वर जाईना. मागून आमची नेहमीची जीप आली, माणसं दारात लटकलेली. चालवणाऱ्या निलेशनं मला ओळखलं आणि बरोबरीला येऊन ओरडला, "बाई, बंद पडली का गाडी? या की हिकडं, जागा हाय!"

ह्यांचं लक्षच नव्हतं. "सत्तावीस!" ते म्हणाले. "सत्तावीस दाखवतंय, सुनेत्रा!" मिक्सर आला त्या दिवशीही त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता.

पवनानगरला बयाबाईंच्या दुकानापाशी गाडी थांबली. मी दार उघडून आधी श्वास घेतला. बयाबाईंनी चहा टाकला. ह्यांनी मोबाइल काढला, त्यात काही आकडे भरले आणि मान वर केली.

"निघालं उत्तर."

दोन वर्षांनी का होईना, निघालं.

"हायब्रिड उत्तमच आहे," ते म्हणाले. "पण तिचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला आठ वर्षं लागतात. तुझी नोकरी राहिली सहा. म्हणजे हायब्रिड बाद."

"बरं. मग छोटी घेऊ."

"थांब ना. छोटी हायब्रिडपेक्षा परवडते. पण वडापपेक्षा परवडत नाही. आणि खुर्चीवर बसून तुझा पगार वाढणार तो पेट्रोललाही पुरत नाही. मग सगळ्यात फायद्याचं काय?" त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "तू नकार लिहून द्यायचा. गाडीच लागत नाही!"

हे त्यांनी रागानं किंवा कंजूषपणानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते आनंदानं सांगत होते. अवघड गणित सुटल्यावर शाबासकीसाठी फळ्यापाशी उभं राहिलेलं पोर कसं बघतं, तसे माझ्याकडे बघत होते. बयाबाईंचा गाळणीचा हात थांबला. अपेक्षा चपलेनं माती उकरायला लागली.

"अहो, या सगळ्या हिशेबात मी कुठे आहे?" मी विचारलं.

"आहेस की," ते म्हणाले. "तुझं वजन धरलंय ना. पासष्ट किलो."

मला रडू आलं नाही. अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षं मी यांच्यापुढे पोहे ठेवत होते, ते गाड्यांच्या किमती वाचून दाखवत होते आणि मी मान हलवत होते. मला वाटायचं, ही गाडी माझ्यासाठी चालली आहे.

"बयाबाई, ती वरची खोली आहे का अजून?"

"हाय की. झाडून घ्याया लागंल."

"घ्या झाडून. उद्यापासून मी इथेच राहणार. शनिवारी शाळा सुटली की घरी जाईन."

"अगं, काहीतरीच काय? घरचं कोण बघणार?" ह्यांनी विचारलं.

"तेही मांडा त्यात."

मला वाटलं, आता ते घाबरतील. थांब म्हणतील. निदान चिडतील तरी. पण त्यांचा अंगठा आपोआप मोबाइलवर फिरायला लागला.

"म्हणजे आठवड्यातून एकच खेप," ते म्हणाले. "तेवढं पेट्रोल तर वाढलेल्या पगारातून निघतं. मग छोटीच बरी. छोटीच परवडते."

दोन वर्षं अडलेला हिशेब मला घरातून वजा केल्याबरोबर जुळला होता. बयाबाई पुटपुटल्या, "आगं बया!" आणि त्यांनी माझ्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

परत निघताना मी ह्यांच्या हातातून किल्ली घेतली. अपेक्षा पटकन माझ्या शेजारी येऊन बसली, म्हणून ह्यांना मागे बसावं लागलं. मी एसी लावला, चांगला गार. खिंडीत दोन ट्रक मागे टाकले. हे मागून मान लांब करून पडद्याकडे बघत होते. सबंध रस्त्यात ते एकदाच बोलले. "अठरावर आलं," म्हणाले.

सोमवारी मी होकार लिहून दिला. आदिनाथ सरांनी अभिनंदन केलं आणि गाडी कुठली घेतली ते विचारलं. मी बयाबाईंच्या माडीकडे बोट दाखवलं.

याला आता दोन महिने होत आले. छोटी गाडी अजून आलेली नाही. कुठला रंग उन्हात कमी तापतो, म्हणजे एसी कमी लागतो, ते बघणं चालू आहे. रोज संध्याकाळी त्याबद्दल फोन येतो. शनिवारी मी वडापनं कामशेतला येते आणि लोकलनं घरी जाते. गेल्या शनिवारी गेले नाही.