पेल्यातली ऊब

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गेलेल्यांशी भेट घडवणाऱ्या बाबांच्या पुढ्यात काचेचा पेला, पेल्यात नितळ पाणी.

"गेलेल्यांना हवेतून येणं जमत नाही हो, वाऱ्यानं भरकटतात," बाबा समजावत होते. "पाण्याची वाट सरळ. हाक मारा आणि बोट बुडवा."

माझ्या काकूनं गेलेल्या काकांना हाक मारली. बाबांनी तिच्या बोटाला चिमूटभर राख लावली. बोट टेकताच पांढऱ्या सुया सुळसुळत पसरल्या, पाण्याचा दगड झाला आणि पेला गरम.

"आले," काकू पुटपुटली. पेला गालाला लावून ती तशीच उभी राहिली.

दोघांनी मिळून इस्त्रीचं दुकान चालवलं होतं. काका गेले तेव्हापासून तिचा दिवस कपड्यांत सरायचा, संध्याकाळ मात्र सरता सरत नसे. आता उद्या दुकान बाबांच्या नावे करून ती त्यांच्या आश्रमात राहायला जाणार होती. "तिथं रोज भेट होईल गं," म्हणाली.

मी दुखरे सांधे शेकून देणारी बाई. असली ऊब दवाखान्यात रोज हाताळते. पुढे झाले.

"बाबा, मला आईला भेटायचंय."

"ये बाळ, बोट दे." बाबांनी दुसरा भरलेला पेला पुढे सरकवला.

"राख नको. लेकीला ओळखायला आईला खूण कशाला?"

स्वच्छ पुसलेलं बोट बुडवलं. हाक मारली, अगदी आतून. पाणी पाणीच राहिलं. ठाऊक असूनही वाईट वाटलं.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"असेल." त्यांच्याच वाटीतली राख मी पेल्यात टाकली. पाणी थिजलं, पेला तापला. "आता तर मी कुणालाच हाक मारली नाही. कोण आलं?"

"दुसऱ्याचा पाहुणा चुकून शिरला असेल," मागून आवाज आला. हशा पिकला. बाबा पेले आवरायला लागले.

"काकू, हे साधं पाणी नाही. व्हिनेगर आणि खायच्या सोड्यापासून एक क्षार होतो, तो थोड्या पाण्यात तापवून विरघळवलाय. हळूच गार केला तर गोठायचं विसरतो, द्रवच राहतो. त्याच क्षाराचा कण पडला की क्षणात घट्ट होतो आणि पोटात साठवलेली उष्णता बाहेर टाकतो. राखेत तो कण होता. शेकायच्या पिशव्यांत आम्ही हेच वापरतो."

"म्हणजे ती ऊब शेगडीची?"

"शेगडीची."

काकूनं गालाचा पेला खाली ठेवला. "मग उद्या कुठं जाऊ?"

"दुकानात."

"तिथं कुणी नसतं गं."

सकाळी तिनं दुकान उघडलं. मी बाकावर बसून राहिले. एक इस्त्री तापली, शेजारची काकांची गारच राहिली.

तुम्हीही कुणाला तरी हाक मारत असाल. जरूर मारा. पण कुणी पेला पुढे केला तर एवढं विचारा, ही ऊब आली कुठून? विचारल्यानं आपलं माणूस दुसऱ्यांदा मरत नाही.