पिणं तोडलेलं पोर

परदेशी कामाला बाया धाडणाऱ्या एजंटची गाडी सुम्बेरसारी गावात थांबली ती आणखी एका पोरीला घ्यायला. पोरगी अजून घरात निरोपाच्या जेवणात दुआ घेत बसलेली. "कुणी खाली उतरायचं नाही," गाडी चालवणारा पाक हर्जो गुरगुरला आणि स्वतः मात्र चहाला पळाला. आता काय म्हणावं या माणसाला!

गाडीत बसलेल्या लास्मीला धडकीच भरली. गाव तिचंच. समोर डेरी, सकाळचं दूध घालायला रांग लागलेली, आणि रांगेत तिची आई सातिनेम. आईच्या कडेवर झोळीत लास्मीचं पोर, बागस.

हाँगकाँगला परक्यांची पोरं सांभाळायला जायचं म्हणून मागच्या आठवड्यात तिनं त्याचं पिणं तोडलं होतं. गुळवेलीचा कडू रस छातीला फासला. त्यानं तोंड लावलं, थुंकला, रडून आकांत केला. "कडू रे बाळा, कडू," तिनंच शिकवलं. मग रीतीप्रमाणे घर सोडून एजंटच्या वसतिगृहात गेली. पिणं तोडलेल्या पोराला आई दिसता कामा नये, नाहीतर मुसळ केरात. ही रीत ज्यानं काढली त्याला कधी पान्हा फुटला नसणार! हिला फुटत होता. छातीला करकचून बांधलेलं फडकं आत्ताही भिजलं.

एकदाच घ्यायचं, नुसतं हातात. मास्क लावून, डोक्यावरचा रुमाल पुढं ओढून ती उतरलीच.

आईनं चालीवरूनच ओळखलं. "वेड लागलंय का तुला? मागं फिर! आत्ता कुठं दोन घास खायला लागलाय."

"बोलणार नाही मी. तोंडही दाखवत नाही. दे गं, आई."

मागचा म्हातारा खेकसला, "ए सातिनेम, गप्पा काय हाणतेस? दूध नासंल. टँकर काय तुझा जावई आहे थांबायला?"

कॅन उचलायला दोन्ही हात हवेत. सातिनेमनं नाइलाजानं पोर तिच्याकडे दिलं.

बागस रडला नाही. गळ्याशी नाक नेऊन त्यानं वास घेतला आणि हात थेट त्या ओल्या कापडावर ठेवला. लास्मीचा जीव सुपाएवढा झाला. गाडी जाते तर जाऊ दे मसणात, असंही मनात आलं.

मग त्यानं हात झटकन मागं घेतला. तोंड वाकडं केलं. "कडू," म्हणाला, अगदी तिनं शिकवलं होतं तसं, आणि आजीकडे झेपावला.

नाही रे, आता नाही कडू, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. पण बोलणार नाही असं कबूल केलेलं. तिकडे पाक हर्जो हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता.

"सुटला गं," आई डोळे पुसत म्हणाली. "पुरता सुटला. जा आता."