चित्राखालची पट्टी

वाडीवर नोटीस लागली तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकट्या रघूला मात्र आतून हुरूप आला.

नोटिशीत लिहिलं होतं की खाडीच्या तोंडाशी वाडीच्या बायका जिथं मासळी सुकवतात ती वाळू सरकारी आहे, वाडीनं ती अलीकडे बळकावली आहे आणि तिथं नव्या धक्क्याचं काम सुरू होणार आहे. जुन्या वहिवाटीचा पुरावा असेल तर सुनावणीला आणावा. पुरावा कुठून आणणार? रघूची थोरली बहीण ठमाबाई, तिची सासू, त्या सासूची सासू, सगळ्या त्या वाळूवर वाकून वाकून म्हाताऱ्या झाल्या. पण वाकण्याचा कागद कुणी करून ठेवत नाही.

रघूचं रत्नागिरीच्या बाजारात तसबिरी मढवायचं दुकान होतं. होडीत बसलं की त्याला ओकाऱ्या होत, म्हणून तो समुद्रावर गेलाच नाही, आणि वाडीत त्याच्या शब्दाला कधी फारसं वजन आलं नाही. त्या दिवशी बैठकीत तो घसा खाकरून उभा राहिला. आठ वर्षांपूर्वी पालीच्या सगुणाबाईंनी त्याच्याकडे सहा जुनी विलायती चित्रं मढवायला आणली होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या; चित्रं जमवायचा नाद त्यांच्या यजमानांचा. दोनशे वर्षांपूर्वी गोरे चित्रकार गलबतातून किनारा बघत जात, कागदावर रेखाटत, आणि मग तिकडे लंडनला ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं जाई. त्या सहांतल्या एका चित्रात आपली खाडी आहे, रघूनं सांगितलं. म्हशीचा खडक आहे, ओढून ठेवलेल्या होड्या आहेत आणि त्याच वाळूवर मासळी पसरणाऱ्या बायका आहेत.

 कुणीतरी रघूला बसायला खुर्ची दिली. चहाही आधी त्यालाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी तो भाच्याला, ठमाबाईच्या रूपेशला घेऊन पालीला गेला. बाईंनी भिंतीवरचं चित्र आनंदानं काढून दिलं. रूपेशनं वाचनालयात चौकशी केली होती. अशा चित्रांच्या खाली जागेचं नाव, चित्रकाराचं नाव आणि साल बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, खरा पुरावा तोच. चित्राखाली तर काहीच दिसत नव्हतं.

"चौकटीच्या आत दबला असंल, मामा. दुकानात खोलून बघू," रूपेश म्हणाला.

परतीच्या गाडीत रघूनं चित्र मांडीवर पालथं धरलं. चित्र उघडायची त्याला गरज नव्हती. देवादिकांची कॅलेंडरं मढवताना खाली छापलेली दुकानदाराच्या जाहिरातीची पट्टी तो नेहमी कापून टाकी. गणपतीच्या पायाशी किराणा मालाचं नाव कुणाला हवं असतं? बाईंची चित्रं आली तेव्हाही त्यानं तेच केलं होतं. सहाही एका मापात बसावीत म्हणून पोलादी पट्टी ठेवून खालची इंग्रजी अक्षरं सफाईनं उडवली होती. काम झाल्यावर बाईंनी शाबासकीही दिली होती.

दुकानात त्यानं रूपेशसमोर मागचे खिळे उपसले. कागदाची खालची कड सरळ, कोरी होती.

"मामा, ह्या कुणीतरी कापलंनीत."

"माझ्याकडं आला तो असाच आला," रघू म्हणाला.

रूपेशनं तिथूनच बाईंना फोन लावला. बाईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्या गडबडल्या. म्हणाल्या, असेल, यजमानांनी कापलं असेल, मला आता आठवत नाही.

सुनावणीला साहेब सभ्यपणे वागले. त्यांनी भिंग मागवून चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की हे गोरे चित्रकार चित्र सजावं म्हणून माड आणि माणसं मनानंही घालत. खाली नाव नाही, साल नाही, ही खाडी केरळातलीही असू शकेल. रघूनं म्हशीचा खडक दाखवला. पण तो खडक मागच्या बंधाऱ्याच्या वेळी सुरुंगानं फोडला होता. तो आता कुणाला दाखवणार?

पावसाळ्याआधी वाळूवर भराव पडला. ठमाबाई रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मासळी पसरू लागली. ट्रकांची धूळ बसलेली मासळी व्यापारी परत करू लागले. वाडीचा सगळा राग पालीकडे वळला. शिकलेल्या माणसांना कागदाची किंमत कळू नये, असं जो तो बोलू लागला. ठमाबाई पालीच्या बाजारात जाई तेव्हा बाईंच्या दारात हटकून टोपली उतरवी. ते तिनं बंद केलं. रघूच्या पानात भात वाढताना तिनं हे सांगितलं. रघू मान खाली घालून जेवला.

गणपतीनंतर एके दुपारी सगुणाबाई काठी टेकत दुकानात आल्या. मागून रिक्षावाल्यानं उरलेली पाचही चित्रं आणून ठेवली.

"ही उघडून बघा हो, रघूभाऊ. मला झोप लागत नाही."

रघूनं एकेक उघडलं. पाचही कडा तशाच होत्या. बाईंनी त्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे सगळीच कापली ह्यांनी," त्या म्हणाल्या. "इतकं वाचणारा माणूस. आणि मी सगळ्यांना त्यांचं कौतुक सांगत फिरले." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या तेव्हाच लक्षात आलं असेल ना?"

रघूनं हातातली पक्कड खाली ठेवली.

"आला होता, बाई. पण म्हटला, मोठी माणसं. आपण कसा बोलायचा?"

बाईंनी मान हलवली. त्यांना त्याचा राग आला नाही.

"एक कराल का? ठमाबाईला सांगा, हे आमच्या घरातून झालं. तिच्या पुढ्यात जायला मला तोंड नाही."

सांगतो, म्हणाला रघू. संध्याकाळी वाडीवर जाऊन त्यानं ते सांगितलंही.