करवलीच्या वाट्याच्या शिव्या

पिपरटोल्यात वरात आली आणि करवलीला शिव्या पडल्या नाहीत, असं कधी कोणाच्या ऐकिवात नव्हतं. नवऱ्याची बहीण मांडवात शिरली की ती बायांची पहिली शिकार. तिचं नाक, तिची चाल, तिचं वाढतं वय, सगळं गाण्यात यायचं, आणि गाणं असं झरझर सुटायचं की बिचारी पहिल्याचं उत्तर जुळवेपर्यंत तिसरं अंगावर आलेलं असायचं. नावाला शिव्या, पोटात माया. परक्या माणसाला कोणी शिव्या घालत नाही. त्याला पाणी देतात, गूळ देतात आणि वाटेला लावतात.

म्हणून तर पायल आठ दिवसांपासून या शिव्यांची वाट पाहत होती. लग्न तिच्या भावाचं, प्रफुलचं. नवरी मामाची पोरगी रीता, आणि मामाचं गाव हेच पिपरटोला, मूल शहराच्या पुढचं, तळ्याकाठचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव. पायल माजरीला कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढली, पण तिची प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी या तळ्याकाठी सोनीबाईच्या मागे मागे हिंडण्यात गेली होती. सोनीबाई काही नात्याची नव्हे. मामाच्या शेजारची बाई, अंगानं काटक, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, सकाळी तळ्यात जाळं टाकायची आणि लग्नसराईत बायांच्या गाण्याची म्होरकी व्हायची. ताटलीवर चमच्याचा ठेका धरून ती समोरच्याचं नाव घ्यायची आणि एका दमात त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पायल शेजारी बसून ओळीचा शेवटचा शब्द धरायची. अकराव्या वर्षी सोनीबाईनं तिला पहिल्यांदा एका नवरदेवावर सोडलं, तर तो भरल्या ताटावरून उठून गेला होता.

पुढे कॉलेजात असताना तिनं टीव्हीवर पहिल्यांदा रॅप ऐकलं. मैत्रिणी तोंडाचा आ करून पाहत होत्या. पायलला त्यात नवल वाटलं नाही. हे तर आपली सोनीबाई करते, तिला वाटलं, फक्त टोपी उलटी घालत नाही. त्या साली चंद्रपूरच्या युवक महोत्सवात तिनं वसाहतीतल्या पाण्याच्या टँकरवर, रांगेतल्या भांडणांवर आणि भांडणाऱ्या बायांवर नावानिशी चार मिनिटं एका दमात म्हणून दाखवलं. पोरांनी बाकडी बडवली. नागपूरच्या एका कॅसेट कंपनीचे शेठ तिथे पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी तिथल्या तिथे तिला नागपूरला बोलावलं.

शेठ माणूस गोड. म्हणाले, बेटा, तुझं फाडफाड बोलणं फर्स्ट क्लास, पण कॅसेट फाडफाड बोलण्यावर खपत नाही. मधेमधे टाकू, भाजीवर कोथिंबीर टाकतात तसं. आणि नावं कोणाची घ्यायची नाहीत, उद्या कोणी भांडायला आलं तर? पायलनं मान हलवली. खोटं कशाला सांगा, तिलाही ते हवंहवंसं वाटलं होतं. कीबोर्डवर तिचा आवाज असा मऊ लागायचा की तिचा तिलाच ओळखू येत नसे. पोस्टरसाठी चांदीच्या रंगाचं जाकीट मिळालं ते वेगळंच. अशी २००५ च्या जानेवारीत ‘दिल का रिचार्ज’ बाजारात आली. आठ गाणी. सात प्रेमाची, आणि आठवं नुसत्या रॅपचं, दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, जिथे पोचेपर्यंत लोक कॅसेट उलटी करतात.

कॅसेट चालली, हे कबूल करायलाच हवं. भद्रावतीच्या ऑटोंमध्ये वाजली, चंद्रपूरच्या केबलवर तिचं गाणं दिवसातून चारदा लागायचं, ताडोबाच्या मोहर्ली गेटचे जीपवाले पर्यटकांना जंगलात न्यायच्या आधी तीच लावायचे. आलापल्लीच्या एका माणसानं माजरीच्या एसटीडी बूथवर फोन करून पायलला बोलावून घेतलं आणि पाचवं गाणं आपण रोज डब्याच्या वेळी लावतो, एवढंच सांगून फोन ठेवला. नागपूरच्या पेपरात चार ओळी आल्या, ‘विदर्भाच्या कन्येचा मधुर आवाज’. वडिलांनी, केवळरामनी, तो कागद कापून पाकिटात ठेवला आणि खाणीत प्रत्येक पाळीला दाखवला. कॉलेजातली दोन-चार पोरं मात्र म्हणाली, हे कुठलं रॅप, हे तर सिनेमातलं गाणं झालं. पायलला त्यांचा राग आला, आणि राग का आला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सगळ्यांनी काही ना काही म्हटलं. पिपरटोल्यानं काहीच म्हटलं नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं एसटीच्या कंडक्टरच्या हाती कुंतामामीला एक कॅसेट पाठवली होती, वर सोनीबाईचं नाव लिहून. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सोयरिकीच्या बोलणीला मामा-मामी येऊन गेले, त्यांनी खूप कौतुक केलं, पण सोनीबाई काय म्हणाली हे विचारलं की मामी लगेच चहाचं बघायला उठायची. पायल रात्रंदिवस झुरत वगैरे नव्हती, ती तसल्या जातीची पोरगी नव्हे. पण चंद्रपूरभर गाजलेली ही बया एका खर्रा खाणाऱ्या बाईच्या एका शब्दासाठी जीव टांगून बसली होती, हे खरं. लग्नात कळेल, तिनं स्वतःला समजावलं. करवलीला कोणी सोडत नाही.

वरात चारच्या सुमाराला पोचली. दारात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, त्याखाली दाट सावली, आणि एका कोपऱ्यात बाया ताटल्या घेऊन तयार बसलेल्या. बायांनी सुरुवात तिच्या आईपासून केली. विहीण कशी जाडी, तिला आणायला कसे दोन ट्रॅक्टर लागले. आईनं खळखळून हसत दोन ओळी परत केल्या. मग प्रफुल, मग प्रफुलचा मित्र अमर, मग वडिलांचा चष्मासुद्धा निघाला. पायल मनातल्या मनात उत्तरं जुळवत उभी राहिली. तिची पाळी आलीच नाही.

उलट मामानं, देवाजीनं, धावत येऊन तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडली. कूलर तिच्याकडे वळवला. कोणीतरी थंड बाटली आणून दिली. आणि मग सोनीबाई स्वतः उठून आली, पदर सावरून समोर उभी राहिली आणि म्हणाली, “बसा बाई. तुमाले उनाचा तरास झाला असन.”

तुमाले. याच बाईनं एकदा कान पिळून तिला तळ्यातून बाहेर ओढलं होतं, आणि आता ती अदबीनं बोलत होती. पायलला एकदम रडू कोसळेल असं वाटलं. पेपरात नाव आलं, पोस्टरवर फोटो आला, यातल्या कशानंही तिला आपण या गावातून उठलो असं वाटलं नव्हतं. ते या दोन वाक्यांनी वाटलं.

तिनं मामीला गाठलं आणि सरळ विचारलं. मामी आधी टाळाटाळ करत होती, मग सांगून मोकळी झाली. कॅसेट आली तेव्हा सोनीबाई जाळं विणायला बसायची आणि रोज दुपारी मामाचा टेप लावायला सांगायची. दोन्ही बाजू, शेवटपर्यंत. आठ दिवस तिनं ती ऐकली आणि बरं-वाईट चकार शब्द काढला नाही. नवव्या दिवशी मात्र तिच्या ओठावर गाणं आलं. प्रफुल-रीताचं लग्न तेव्हा घरात ठरल्यातच जमा होतं, आणि हे त्या लग्नासाठी करवलीवर जोडलेलं गाणं. मामानं ते ऐकलं. भाची आता मोठी कलाकार, चारचौघांत असलं ऐकलं आणि रागावून निघून गेली तर? त्यानं सगळ्या बायांना बजावून ठेवलं, पायलवर एक अक्षर नाही.

“म्हंजे गानं जोडलेलं हाय?” पायलनं विचारलं.

“हाय,” मामी म्हणाली, “पन चांगलं नाई.”

पायल तडक बायांच्या घोळक्यापाशी गेली. करवलीनं आधी तोंड उघडायचं नसतं, तिनं फक्त उत्तर द्यायचं असतं, हे तिला इथल्या कोणाहूनही जास्त माहीत होतं. तिनं एका बाईच्या हातातली ताटली घेतली, ठेका धरला आणि सोनीबाईच्या डोळ्यात डोळे घालून सुरू केलं:

“पिपरटोल्याची सोनीबाई, जाळं मोठं, मासोळी नाई,
करवली उभी दारामंदी, इची जीभ गेली कुठी बाई?”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. मामा हात जोडून सोनीबाईला नको नको म्हणत होता. सोनीबाईनं खर्रा बाजूला थुंकला, तोंड पुसलं आणि ताटली मांडीवर ओढली.

“माजरीची करवली, नागपुराले गेली,
झिंग्याच्या रश्श्यात बाई, साखर ढवळून आली.
सात गान्यात दिल वाटला, घेनारा नाई गावला,
सांग वो करवली, आमचा झिंगा काऊन गोड केला?”

बायांनी शेवटची ओळ उचलून धरली, एकदा, दोनदा, तीनदा. वऱ्हाडातली माणसं हसायला लागली, आणि पायलकडे नजर जाताच थांबली. पायलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कॉलेजच्या पोरांना जे नीट म्हणता आलं नाही, पेपरवाल्याला जे दिसलं नाही, स्टुडिओत कानाला हेडफोन लावून उभी असताना तिला स्वतःला जे कळत होतं आणि तिनं गिळून टाकलं होतं, ते या बाईनं चार ओळींत मांडवात आणून टाकलं होतं. लाज वाटली, खूप वाटली. आणि त्या लाजेखाली इतकं बरं वाटत होतं की पाणी थांबत नव्हतं.

मामाला यातलं काय कळणार? तो तरातरा आला आणि सोनीबाईवर डाफरला, तुले मी काय सांगतलं होतं, पोरगी लगनाच्या दिवशी रडवली.

“मामा, तिले बोलू नका,” पायल म्हणाली. “तीन महिन्यापासून सारे लोक माही कॅसेट वाजवून राह्यले. आयकली हिनंच.”

मामा बाजूला झाला. सोनीबाईनं पायलकडे वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं. तिचा चेहरा काही फार पाघळला नाही, ती तशी बाईच नव्हे.

“रडून झालं असन तं उत्तर दे,” ती म्हणाली. “येत नसन तं तसं सांग, आमाले अजून नवरदेवाच्या मावशीले धराचं हाय.”

पायल बायांमध्ये मातीत मांडी घालून बसली. पदरानं नाक पुसलं, ताटली सरळ केली. पहिली ओळ तिनं स्वतःच्या चांदीच्या जाकिटावरच घेतली, आणि बाया हसण्यात गुंतल्या आहेत असं पाहून दुसरी सोनीबाईच्या अंगावर टाकली.