माझी निब लवत नाही

हो, मी जळतोय. साताऱ्याच्या विनोदिनीताईंच्या टेबलावर कितीतरी वर्षं मिरवलेला शाईचा पेन मी. निब पोलादी, ताठ. लग्नपत्रिकांवर नावं लिहिण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्या हातात मी होतो.

मग त्यांच्या जाऊबाई, उत्कर्षा, लवचीक निबेनं लिहू लागल्या. दाबली की फाका उघडून उभी रेघ जाड, सोडली की आडवी केसासारखी. लोक पत्रिका तिकडे नेऊ लागले. ताईंना ते झोंबलं. एका रविवारी मला पर्समध्ये टाकून त्यांनी सांगलीतलं आकारामचं जुन्या पेनांचं दुकान गाठलं.

आकारामनं एक सोनेरी पेन काढला. "ताई, ह्यो लय लवतो बघा," म्हणत निब कागदावर दाबली.

"अहो, दाबू नका! मोडेल!" ताईंनी पेन काढून घेतला. निब अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली. टोकाच्या दोन फाका उघडल्या, पण उचलल्यावर मिटल्याच नाहीत. "ही दमलीय. नको."

मी मनातून हसलो.

मग निघाला एक काळा, ओरखडलेला पेन. निब लांब, निमुळती. कुठे तडा नाही ना, हे ताईंनी भिंगातून पाहिलं. नखावर टेकवताच फाका उघडल्या, सोडताच मिटल्या. शाईत बुडवून त्यांनी 'विनोदिनी' लिहिलं. शेवटची वेलांटी अशी फुलत गेली, की ताईंचा श्वासच अडकला.

माझ्यासाठी तो कधी अडकला नव्हता.

"जुना देताय काय बदल्यात?" आकारामनं विचारलं. ताईंनी मला पदरानं पुसलं, जरा वेळ हातात धरलं आणि काउंटरवर ठेवलं. त्या काळ्याला मात्र पर्समध्ये माझ्याच कप्प्यात जागा मिळाली.

पुढे जो येई तो मला नखावर टेकवी आणि "ह्यो न्हाई लवत" म्हणून परत ठेवी.

शेवटी कुपवाडचे नाथाजी आले, फौजेतून निवृत्त झालेले. "गड्या, माझा हात लय जड हाय. लय निबा फाकवल्या. न लवणारा हाय का एखादा?"

आकारामनं मला पुढे केलं.

जुना पेन घेताना निब जरूर तपासा. जोर लावू नका. उघडली की मिटते का, एवढं बघा. पण न लवणाऱ्याला टाकाऊ म्हणू नका.

काल नाथाजींनी नातीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'क्रांती' लिहिलं, एवढं दाबून की तिनं पान उलटलं आणि मागून उठलेलं आपलं नाव बोटानं चाचपलं. खुदकन हसली.

त्या काळ्याला जमेल का हे?