थेंबाहून बारीक धार

मी बोलतोय तो एका औषधाच्या पंपाच्या पोटातून. माणसं मला सेन्सर म्हणतात. तासाभरात चहाचा चमचाही भरणार नाही अशी धार मोजायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म खालापूरच्या एका कारखान्यातला. माझ्या अंगात केसासारखी नळी आहे, तिला एका जागी हलकी ऊब दिलेली असते. औषध सरकलं की ऊब पुढे सरकते, त्यावरून मला वेग कळतो. धार अडली तर पंप ओरडतो. दुखणं मात्र मला कळत नाही.

कर्जतला अबूबकरभाईंच्या घरी मी गेलो, तेव्हा त्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला होता. कळा थांबवणारं औषध सुईतून त्यांच्या कातडीखाली जाई. नम्रता ही नर्स रोज येऊन बघून जाई. त्यांच्या पत्नी मुनिराबी उशाशी बसून दिवसभराचं सांगत राहत. ते गुंगीत हुंकार देत. धार एकसारखी होती; माझ्या लेखी सगळं ठीक होतं.

एका सकाळी अबूबकरभाईंनी नम्रताला औषध कमी करायला सांगितलं. मुनिराबी नको म्हणाल्या. नवऱ्याची तळमळ त्यांनीच पाहिली होती.

"थोडं दुकू दे," ते मुनिराबींना म्हणाले. "तुजा आवाज येतो. काय बोलतेस ते कळत नाय."

नम्रताने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर अबूबकरभाईंशीच बोलले आणि थोडं कमी करा म्हणाले. धार मंदावली.

दुपारनंतर त्यांचे डोळे नीट उघडले. मुनिराबी कोंबडीचं सांगू लागल्या. शेजारणीची कोंबडी यांच्या घरच्या चपलांच्या खोक्यात अंडी घालत होती. शेजारीण अंडी मागायला आली, तेव्हा मुनिराबींनी तिला सांगितलं होतं, कोंबडीला घेऊन ये, तिला अंडी वळखू दे.

अबूबकरभाई हसले. हसताना कळ आली, त्यांनी चादर मुठीत धरली. नम्रताला बोलवायला मुनिराबींचा हात फोनकडे गेला.

"आदी पुरं सांग," ते म्हणाले.

मुनिराबींनी पुरं सांगितलं. मग बराच वेळ दोघं जुनं काहीबाही बोलत राहिले. तिन्हीसांजेला अबूबकरभाईंनीच औषध वाढवायला सांगितलं.

पुढे दोन दिवसांनी ते गेले. मला ते कळलं नाही. धार चालूच होती. नम्रताने येऊन पंप बंद केला.

हल्ली मी कडाव गावात आहे, आनंदीबाईंच्या खाटेजवळ. धार किती आहे ते मी चोख सांगतो. ती किती असावी, हे मला विचारू नका.

काल पंप सुरू करताना त्यांच्या मुलाने विचारलं, कितीवर ठेवायचा. तो माझ्या आकड्याकडे बघत होता. नम्रता खाटेवर वाकली.

"काकू, तुम्ही सांगा. आज किती जागं राहायचंय?"