शेपटीचा दाखला

मी शटर मिस्त्री आहे. तीस वर्षं दुकानांची, गोदामांची, गॅरेजांची शटरं बसवतोय आणि बिघडलेली दुरुस्त करतोय. खाली वर्कशॉप, वर घर. एवढ्या वर्षांत माझ्या शटराखाली कुणाचं बोटसुद्धा सापडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याच घरात मी पावणेदोन वर्षं शेपटी मोडणारा माणूस म्हणून वावरतोय.

शेपटी काजळीची. काजळी म्हणजे आमची मांजर. लेकीनं वर्कशॉपमागच्या पत्र्यांच्या ढिगातून उचलून आणलेली. केस इतके दाट, की आत मांजर नक्की केवढं आहे ते कळायचं नाही. ती चार महिन्यांची असताना एके सकाळी शटराची स्प्रिंग तुटली. शटर कुणाचं? तर आमच्याच वर्कशॉपचं. गिऱ्हाइकाची स्प्रिंग कुरकुरायला लागली की मी धावत जातो, आणि स्वतःची रोज उद्यावर ढकलत होतो. अख्खं शटर धाडकन खाली आलं. काजळी घाबरून किंचाळत सुटली ती थेट ग्रीसच्या उघड्या डब्यात.

लेकीनं तिला मागच्या नळाखाली धरून आंघोळ घातली. केस भिजल्यावर मांजर उरलं मूठभर, आणि शेपटी दोरीएवढी. त्या शेपटीचं टोक वाकडं होतं. शटर ओढायच्या आकड्यासारखं सरळ काटकोनात वळलेलं.

लेक तशीच ओलं मांजर घेऊन पुढं आली. तिनं विचारलं, "बाबा, हिची शेपटी शटरात सापडली का?"

आता माझी अवस्था बघा. स्वतःचं शटर तुटून पडलंय, समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि ते दात काढून म्हणतंय, "मिस्त्रींचंच शटर असं, मग आमचं काय?" त्यात ही पोर माझा जबाब घ्यायला उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हो, सापडली!" मी ओरडलो. "मीच धरून मोडली! झालं समाधान?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मग वर निघून गेली. पुढच्या महिन्यात तिची दुसऱ्या गावातली नोकरी सुरू झाली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. तेव्हापासून तिचा फोन येतो तो आईला. मी तिथंच बसलेलो असतो. "बाबांची खोकल्याची गोळी संपली असेल, सांग त्यांना," असं फोनमधून ऐकू येतं. बायको फोन कानाला लावूनच माझ्याकडं वळते आणि सांगते, "गोळी संपली असेल म्हणते." अहो, मला कान आहेत! पण मला कुणी काही विचारत नाही, सगळं नुसतं कळवतात.

मी बायकोला शंभरदा सांगितलं, की शेपटी मी मोडली नाही. मांजर शटराच्या या बाजूला होतं, माझ्या पायाशी. ती म्हणायची, "मला काय सांगता? तिला सांगा." तिला कसं सांगू? फोन तिनं करायला हवा. आरोप तिचा, मग मी का आपण होऊन जायचं? बायको यावर फक्त भांडी जरा जोरात आपटायची.

मागच्या महिन्यात काजळी व्यायली. वरच्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, माझ्या जुन्या स्वेटरवर. चार पिल्लं झाली. मी चष्मा लावून एकेकाला तळहातावर घेतलं आणि शेपट्यांवरून बोट फिरवलं. चारांतल्या तिघांच्या शेपट्या वाकड्या! एकाचं टोक आईसारखं, एकाला मधेच गाठ, आणि तिसऱ्याची तर दोनदा वळलेली. जन्मून एक दिवस झाला नव्हता आणि कपाटाला काही शटर नसतं.

"अगं इकडं ये!" मी बायकोला हाक मारली. "बघ! पोटातूनच वाकड्या आल्यात! मी म्हणत नव्हतो?"

"फोटो काढून पाठवू का तिला?" बायकोनं विचारलं.

"फोटो नको. फोटोचं ती काय मानेल? म्हणेल, बाबांनी आता पिल्लंही मोडली. मला डॉक्टरचं लेखी पाहिजे."

पिल्लं तीन आठवड्यांची होईपर्यंत मी कसा दम धरला ते माझं मला माहीत. मग एका सकाळी काजळी आणि चारही पिल्लं टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांच्या दवाखान्याचं शटर मीच बसवलंय, त्यामुळं ओळख होती. त्यांनी एकेक शेपटी दोन बोटांत धरून टोकापर्यंत चाचपली. पिल्लांना काही दुखत नव्हतं, एक तर त्यांच्या हातावरच झोपलं.

"जन्मतःच आहे," त्या म्हणाल्या. "शेपटीचे मणके एकमेकांना चिकटलेले असतात किंवा तिरके वाढतात. आईकडून आलंय. यांना काही त्रास नाही."

"हे लिहून द्या."

"कशाला?"

"शिक्का मारून द्या. आईचंही लिहा. हिची शेपटी कुठल्याही शटरात सापडलेली नाही, असं स्पष्ट लिहा."

बाई हसल्या. मग काजळीचं जुनं कार्ड शोधायला खण उघडला, आणि कार्ड वाचता वाचता त्यांचं हसू गेलं.

"मिस्त्री, हिचा एक्स-रे झालाय की. तुमच्या मुलीनं आणलं होतं हिला. मोडलेलं काही नाही, जन्माचंच आहे, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

त्यांनी कार्ड माझ्यापुढं सरकवलं. तारीख शटर पडलं त्याच्या तिसऱ्या दिवसाची होती.

दाखला न घेताच मी बाहेर आलो. पायरीवर टोपली ठेवली आणि शेजारी बसलो. राग असा आला होता, की कुणावर काढावा तेच कळेना. पावणेदोन वर्षं! तिला माहीत होतं आणि तरी तिनं मला वाळीत टाकलं. माझ्या खोकल्याच्या गोळ्यांची काळजी आईमार्फत! मी फोन काढला. तिचा नंबर होता, पण तो मी कधी लावलेलाच नव्हता.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "आईला काय झालं?" तिचा आवाज पार घाबरलेला होता.

माझा फोन आला म्हणजे आई बरी नसणार, हे ती धरूनच चालली होती. माझा अर्धा राग तिथंच गळाला.

"आई ठणठणीत आहे," मी म्हणालो. "मी दवाखान्यात आलोय. मांजरीच्या. तुला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं?"

टोपलीत पिल्लं ओरडत होती.

"माहीत होतं ना, मी मोडली नाही ते? मग बोलणं का टाकलंस?"

"शेपटीवरून नाही टाकलं बाबा," ती म्हणाली. "मी साधं विचारलं होतं. खरंच काय झालं ते माहीत नव्हतं म्हणून. आणि तुम्ही त्या माणसासमोर माझ्यावर असे खेकसलात. नेहमीसारखे. लहानपणापासून मी काहीही विचारलं की हेच. मी म्हटलं, आता विचारायचंच नाही."

माझं उत्तर तयार होतं. गिऱ्हाईक कसं हसत होतं, स्प्रिंग कशी तुटली, माझ्या जागी कुणीही असता तर हेच केलं असतं. ते सगळं ओठांवर आलं होतं.

"हे बघ, डॉक्टरीणबाई पण सांगतात, मणके जन्मतःच—"

"डॉक्टर नकोत, बाबा. तुम्ही सांगा." ती थांबली. "हिची शेपटी शटरात सापडली का?"

पावणेदोन वर्षं मी बायकोला, शेजाऱ्यांना, आरशालासुद्धा हे सांगत आलो होतो. आता तिला सांगायचं होतं. मी दोनदा खाकरलो.

"नाही गं," मी म्हणालो. "नाही सापडली. ती माझ्या पायाशीच होती."

पलीकडं ती रडत होती की काय, कळेना.

"हे तेव्हा का नाही म्हणालात?"

मी पायरीवर तसाच फोन धरून बसलो, आणि तिनंही ठेवला नाही.